एकशे त्रेचाळीस खऱ्या नकला

ज्या माणसाने चौतीस वर्षं नकला काढून संसार चालवला, त्याला स्वतःच्या घरात एकही नक्कल खपत नसे. मनगटावरचं घड्याळ अस्सल, खिशातलं पेन अस्सल, आणि बैठकीच्या खोलीतलं घोड्याचं चित्रसुद्धा छापील नव्हे, हाताने काढलेलं. ते एका सहकाऱ्याच्या मेहुण्याने काढलं होतं आणि नीट मोजलं तर घोड्याला पाच पाय भरत. पण पाच पायांचा का असेना, घोडा मूळ होता.

सगळी गल्ली त्यांना नक्कलकाका म्हणे. अभिलेख कचेरीच्या नक्कल खात्यात ते चिकटले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्या खात्याची एक पद्धत होती. एकाने मूळ कागदावरून नक्कल करायची. मग दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत दर ओळीला ‘बरोबर’ म्हणायचं. याला म्हणत रुजुवात. शेवटी खाली दोन सह्या, ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजुवात घेणार’, आणि त्यावर शिक्का: खरी नक्कल. काका म्हणत, “नक्कल करणारा चुकला तर समजू शकतो, माणूस आहे. रुजुवात घेणारा चुकला तर त्याला क्षमा नाही.” स्वतःची नक्कल स्वतः तपासायची मात्र सक्त मनाई. आपला तो बाब्या असतो, आपली चूक आपल्याला गोडच दिसते, हे त्या खात्याने कुठल्याही शास्त्राच्या आधी ओळखलं होतं.

या माणसाला एकच चैन होती, सिनेमाची. दर महिन्याला एक डीव्हीडी विकत आणायची. रस्त्यावर कापडावर मांडलेली चोरटी नव्हे, दुकानातली, पावतीसकट. पावती वेष्टणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. अशा तीनशे अकरा डीव्हीडी काचेच्या कपाटात क्रमांकाने उभ्या होत्या. काका प्रत्येक सिनेमा एकदा बघत, रविवारी, हाताची घडी घालून. नंतर तो कपाटात जाई आणि त्यांच्या लेखी विषय संपे.

काकूंच्या लेखी तो तिथे सुरू होई. दुपारची भांडी आवरली की त्या कपाट उघडत, मनाला येईल ती डीव्हीडी काढत आणि दोन तास कुणाच्या नसत. काही सिनेमे त्यांनी वीस-वीस वेळा पाहिले होते. किती वेळा, याचा काकांना पत्ता असण्याचं कारण नव्हतं. दुपारी ते झोपत.

काकूंचा जीव जडला होता तो शिंपिणीच्या सिनेमावर. नाव वेगळं होतं, पण घरात तो ‘शिंपिणीचा’ म्हणूनच ओळखला जाई. एक विधवा शिंपीण, तिचं पायाने चालवायचं मशीन, लोकांचे कोट आणि घरात एक सून, एवढाच मामला. काकांच्या मते त्यात काही घडत नव्हतं. काकूंच्या मते सगळंच घडत होतं.

एका रविवारी काकूंनी हौसेने तोच लावायला सांगितला आणि अडतिसाव्या मिनिटाला शिंपिणीच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे झाले. मशीन थांबलं, पडदा काळा पडला. काकांनी डिस्क काढून खिडकीशी धरली. कडेने आत तपकिरी डाग शिरले होते, कागदावर चहा सांडावा तसे. काकांनी दीडशे वर्षांचे कागद धडधाकट पाहिले होते. वाळवीने खाल्लेल्या दस्तऐवजाचीसुद्धा त्यांनी उरलेल्या अक्षरांवरून नक्कल काढली होती. आणि ही चकचकीत चीज सोळा वर्षांत कामातून गेली.

काकू रिकामं वेष्टण मांडीवर घेऊन बसल्या. उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “मला पाठच आहे तो.”

काकू तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि म्हणूनच ते ‘असू दे’ काकांना फार लागलं. ते उठून उभे राहिले आणि नवीन कारकून शपथ घेतो तसे म्हणाले, “आता यातला एकही सिनेमा मी तुझ्याकडून जाऊ देणार नाही. शब्द देतो.”

शब्द दिला खरा, पण तो पाळायचा कसा हे जावयाला विचारावं लागलं. जावई दुसऱ्या शहरात संगणकाचं काम करी. तो म्हणाला, “सोपं आहे बाबा. डिस्कवरचं सगळं संगणकावर उतरवायचं, मग सुटसुटीत फाईल करायची, दोन हार्ड डिस्कवर ठेवायची. एक तुमच्याकडे, एक आमच्याकडे. सॉफ्टवेअर फुकट मिळतं.”

“फुकट ते पौष्टिक असं लोक म्हणतात, मी म्हणत नाही,” काका म्हणाले. “फुकट का देतात?”

“मुक्त आहे ते. कुणीही वापरावं म्हणून लोकांनी मिळून लिहिलंय.”

काकांनी ते सॉफ्टवेअर घेतलं आणि जगात कुणी करत नाही अशी गोष्ट केली. त्याचा परवाना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. त्यात लिहिलं होतं की हे सॉफ्टवेअर चालेलच याची कसलीही हमी आम्ही देत नाही, बिघडलं तर ज्याचं त्याने निस्तरावं. काका खूश झाले. “इतका प्रामाणिक दस्तऐवज,” ते काकूंना म्हणाले, “मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.”

काकू म्हणाल्या, “हो.”

अलीकडे काकू बऱ्याच गोष्टींना ‘हो’ म्हणत. काका याला समजूतदारपणा समजत.

जावयाने येऊन सगळं मांडून दिलं आणि शिंपिणीची डिस्क आपल्याबरोबर नेली. त्याच्या यंत्राने दोन दिवस आणि एक सकाळ ती डिस्क चाटूनपुसून वाचली. एकाच जागी शेकडो वेळा परत गेलं, आणि शेवटी डागाखालचंसुद्धा सगळं बाहेर काढलं. डिस्क आणि तिची ही कच्ची फाईल घरी आली तेव्हा काकांना हर्ष झाला. त्यांनी तो दाखवला नाही, फक्त टोपी काढून ठेवली.

आता कच्च्या फाईलची पक्की करायची. सॉफ्टवेअरने समोर चौकटींची रांगच्या रांग उभी केली. कुठली चित्रपट्टी, कुठली ध्वनिपट्टी, कुठली अक्षरं. या डिस्कवर पहिल्या ध्वनिपट्टीत परक्या भाषेतले आवाज चिकटवलेले होते आणि मूळ नटांचे आवाज दुसऱ्या पट्टीत होते. काकांनी दुसऱ्या पट्टीवर खूण केली. मग आली पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या अक्षरांची चौकट. काकांनी क्षणभर विचार केला आणि ती कोरी सोडली. सिनेमा काढणाऱ्याने सिनेमा काढला तेव्हा त्यावर अक्षरं नव्हती. ती मागाहून कुणीतरी लावली. म्हणजे ते शेरे झाले. मूळ तेवढंच घ्यायचं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. अभिलेख कचेरीच्या नियमांत पहिल्याच पानावर लिहिलं होतं की नक्कल समासातल्या शेऱ्यांसकट करावी. काकांनी हा नियम चौतीस वर्षं पाळला होता आणि पाच नवख्या कारकुनांना त्यावरून रडवलं होतं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शेवटी सॉफ्टवेअरने विचारलं, ही मांडणी साचा म्हणून जपून ठेवायची का, म्हणजे पुढच्या प्रत्येक डिस्कला आपोआप तीच लागेल. काकांना साच्याची कल्पना फार आवडली. त्यांनी त्याला नाव दिलं, ‘मूळबरहुकूम’.

मग राहिली रुजुवात. तिला दोन माणसं लागतात आणि घरात दोनच होती. काकांनी बैठकीच्या खोलीत कचेरी थाटली. दूरदर्शन संचावर मूळ डिस्क, शेजारच्या टेबलावर संगणकावर नक्कल. दोन्ही एकाच क्षणी सुरू करायचे. दोन आवाजांची सरमिसळ नको म्हणून संगणकाचा आवाज हेडफोनमधून, आणि हेडफोन काकूंच्या कानावर. मूळ काकांनी बघायचं, नक्कल काकूंनी. कान झाकल्यावर हाक ऐकू जाणार नाही, तेव्हा दर दहा मिनिटांनी काकांनी बोट वर करायचं आणि काकूंनी ‘बरोबर’ म्हणायचं. एक जाडजूड वही आणली. तीत रकाने आखले: क्रमांक, सिनेमा, नक्कल करणार, रुजुवात घेणार.

पहिला मान शिंपिणीचा. मूळ डिस्क अडतिसाव्या मिनिटापर्यंतच चालणार होती, तेवढी तर तेवढी. पहिल्या दहा मिनिटांनी काकांनी बोट वर केलं.

काकू म्हणाल्या, “अहो, खाली अक्षरं नाहीत.”

“अगं, ते शेरे आहेत. मूळ मजकुराचं बोल.”

काकूंनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. शिंपीण सुईत दोरा ओवत होती, आणि तशीच ती शेजारच्या संचावरही ओवत होती.

“बरोबर,” काकू म्हणाल्या. आणि संपल्यावर वहीत सही केली, शाळेत शिकवतात तशी, पूर्ण नावाची.

नंतर कामाला वेग आला. दिवसाला एक, कधी दोन. रुजुवात झाली की मूळ डिस्क वेष्टणात, वेष्टणावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आडवी सही, आणि सगळं पोलादी पेटीत. मूळ दस्तऐवज हाताळायला मिळणार नाही, हाही कचेरीचाच नियम. हा मात्र काकांना बिनचूक आठवला. “तुला बघायचं तर नक्कल आहेच की,” ते काकूंना म्हणाले. “कितीदा बघ. झिजायची नाही.”

शेजारचे एक गृहस्थ पेनड्राईव्ह घेऊन आले. दोन-चार सिनेमे द्या म्हणाले. काकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “अर्जदाराचा मूळ दस्तऐवजाशी संबंध काय?” गृहस्थ पाणी पिऊन गेले.

साठावा सिनेमा झाला त्या सुमारास काकूंनी दुपारी सिनेमे बघणं सोडलं. त्या खिडकीशी बसून जुने स्वेटर उसवू लागल्या, आणि उसवलेल्या लोकरीचे गुंडे करू लागल्या. काकांना एकदा दुपारी जाग आली तेव्हा त्यांना हे दिसलं.

“का गं, आज सिनेमा नाही?”

काकूंनी उत्तर दिलं नाही. काकांनी पुढे येऊन विचारलं तेव्हा म्हणाल्या, “डोळे दुखतात.”

काकांनी त्याच संध्याकाळी डोळ्यांचे थेंब आणले. आठवड्याने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तपासून सांगितलं, डोळे उत्तम आहेत, चष्म्याचा नंबरही तोच आहे, काळजीचं कारण नाही. काका निर्धास्त झाले. बायकोची काळजी घेण्यात आपण कसूर केली नाही या समाधानात त्यांनी आणखी ऐंशी-पंच्याऐंशी सिनेमे उतरवले.

एकशे त्रेचाळीस झाले तेव्हा मुलगी आणि जावई चार दिवस राहायला आले. काकांनी वही दाखवली. पानामागून पान, डावीकडे त्यांची सही, उजवीकडे काकूंची. जावई मनापासून म्हणाला, “बाबा, एवढं पद्धतशीर काम आमच्याकडे पगार घेऊन कुणी करत नाही.” काका जमिनीपासून चार बोटं वर चालू लागले.

“कुठलाही क्रमांक सांगा,” ते म्हणाले.

मुलीने सदतीस सांगितला. सदतीस म्हणजे म्हाताऱ्या कप्तानाचा. जुनं जहाज मोडीत काढायचं ठरतं आणि कप्तान ते एकट्याने शेवटचं समुद्रात घेऊन जातो. जावयाने संगणक मोठ्या संचाला जोडला, हेडफोन काढून आवाज खोलीत मोकळा सोडला. सगळे बसले. काकू पुढच्या खुर्चीत.

धुकं. पाणी. कप्तान सुकाणूवर येतो, ओठ हलवतो, आणि एक भलताच प्रसन्न आवाज म्हणतो, “हा समुद्र नाहीये बरं का. हे आमच्या कॅमेरामनच्या सासऱ्याचं तळं.”

दुसरा आवाज खो खो हसला. “आणि धुकं म्हणजे ओल्या गवताचा धूर. तीन माणसांना खोकला झाला.”

जावयाच्या लगेच ध्यानात आलं. डिस्कवर अशी एक जादा ध्वनिपट्टी असते. तीत दिग्दर्शक आणि त्याचे मित्र सिनेमा बघत गप्पा मारतात. मूळ संवादांच्या जागी काकांच्या साच्याने ती उचलली होती. दुसरी पट्टी, मूळबरहुकूम.

काका म्हणाले, “थांब. पुढे असेल नीट. पुढे ने.”

जावयाने एकदम शेवटाकडे नेलं. कप्तान डेकवर आडवा झाला होता. टोपी छातीवर. त्याचा जुना खलाशी त्याच्यावर वाकून काहीतरी सांगत होता. संचातून आवाज आला, “इथे याला खरंच झोप लागली होती. दुपारी चार वाट्या खीर खाल्ली होती पठ्ठ्याने.” परत खो खो.

मुलीला हसू आवरेना. जावई तोंडावर उशी दाबून बसला. काकांचा चेहरा मात्र उतरला. आणि मग मुलीचं हसू मध्येच थांबलं, कारण तिचं लक्ष आईकडे गेलं.

काकू पुढे झुकून बघत होत्या. चेहरा गंभीर. खलाशाने कप्तानाचे डोळे मिटले तेव्हा त्यांनी पदराच्या टोकाने स्वतःचे पुसले. संचातून दोन पुरुष खिरीवरून खिदळत होते आणि काकू मेलेल्या कप्तानासाठी रडत होत्या.

आणि अशा वेळी जे करू नये ते काकांनी केलं. ते तरातरा उठले, वही उघडली, सदतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं, आणि वहीत बघतच गरजले, “ही सही कुणाची? तू ‘बरोबर’ म्हणालीस! सबंध सिनेमा तुझ्या कानात या लोकांची बडबड चालली होती आणि तू दर दहा मिनिटांनी ‘बरोबर’ म्हणालीस! ही खोटी रुजुवात आहे! चौतीस वर्षांत माझ्या टेबलावर...”

काकूंनी मान वळवली. नवरा पाठमोरा उभा राहून काहीतरी बोलतोय एवढं त्यांना दिसलं.

“चहा ना?” त्या म्हणाल्या. “ठेवते.”

आणि उठून आत गेल्या.

काकांचं बोट सदतिसाव्या ओळीवर तसंच राहिलं. मुलगी हळू आवाजात म्हणाली, “बाबा, आईला ऐकू येत नाही.”

“मी मोठ्याने बोललो.”

“हो. गल्लीला ऐकू गेलं. आईला नाही.”

काकूंनी आणलेला चहा काकांनी हातात घेतला, पण ते तो प्यायले नाहीत. खुर्ची ओढून ते काकूंच्या समोर बसले, आणि किती वर्षांनी कोण जाणे, त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले.

“कधीपासून?”

“झाली चार वर्षं,” काकू म्हणाल्या. “अगदीच नाही असं नाही. कुणीतरी बोलतंय एवढं कळतं. काय ते कळत नाही. समोर तोंड दिसलं तर ओठांवरून उमगतं.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारायचात, मी हो म्हणायची. तुमचं काही अडलं नाही.” काकूंनी कपाची कड पुसली. “आणि माझं तरी कुठे अडत होतं? खाली अक्षरं होती की.”

काकांना दुपारचे दोन तास आठवले, जे त्यांनी झोपून काढले होते. उसवलेले स्वेटर आठवले. डोळ्यांचे थेंब आठवले, रोज दोन वेळा, आणि काकूंनी तेही मुकाट्याने घालून घेतले होते.

“मग कानावर हेडफोन लावून ‘बरोबर’ का म्हणालीस?”

“चित्र बरोबर होतं,” काकू म्हणाल्या. “मी दर वेळी नीट पाहिलं. तुमच्या पडद्यावर दार उघडलं की माझ्याही उघडायचं. अक्षरं नव्हती, ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ते शेरे आहेत.”

जावई चुळबुळला. “बाबा, जागा वाचवायची म्हणून अक्षरं गाळली का? त्यांना जागाच लागत नाही. एका सिनेमाची अक्षरं म्हणजे फार तर एखादा फोटो.”

“जागेसाठी नाही,” काका म्हणाले. “तत्त्वासाठी.”



दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने आईला कानाच्या डॉक्टरकडे न्यायची वेळ ठरवली. काका तेव्हा लाल शाई शोधत होते. वही घेऊन ते जेवणाच्या टेबलाशी बसले आणि एकशे त्रेचाळीस ओळी एकेक करून त्यांनी रद्द केल्या, पट्टी लावून, सरळ रेघेत. ‘खरी नक्कल’ रद्द करायचा प्रसंग त्यांच्यावर नोकरीत कधी आला नव्हता. शेवटच्या ओळीखाली त्यांनी लिहिलं: ‘वरील सर्व नकला अपूर्ण. दोष नक्कल करणाऱ्याचा. रुजुवात घेणारीने दोष प्रथम दिवशीच दाखवला होता, तो ऐकला गेला नाही.’ खाली सही केली, तारीख घातली, आणि वही काकूंसमोर सरकवली. काकूंनी ती चष्मा लावून वाचली.

“एवढं कशाला लिहायचं?” त्या म्हणाल्या. पण वही त्यांनी बराच वेळ मिटली नाही.

मग पोलादी पेटी उघडली. काकांनी स्वतःच्याच सह्यांच्या चिकटपट्ट्या नखाने फाडल्या. साचा पुसून टाकला. आता प्रत्येक डिस्कची प्रत्येक पट्टी ऐकायची, वाचायची, आणि मग खूण करायची. जागाही बदलल्या. मूळ आता काकूंच्या ताब्यात, नकलेपुढे काका, आणि बोट वर करणार काकू.

पुन्हा पहिला मान शिंपिणीचा. जावयाने ती कच्ची फाईल जपून ठेवली होती, तिच्यातून अक्षरांसकट नवी नक्कल झाली. पण रुजुवातीला मूळ कुठून आणायचं? डिस्क अडतिसाव्या मिनिटाला थांबली. संचाचा पडदा काळा झाला.

“इथवरच,” काका म्हणाले, काकूंकडे तोंड करून. “पुढे मूळ नाही.”

“चालू ठेवा तुमचं,” काकू म्हणाल्या. “मला पाठ आहे म्हटलं ना.”

आणि काळ्या पडद्याकडे बघत त्या एकेक ओळ म्हणू लागल्या. कोण येतं, काय बोलतं, शिंपीण काय उत्तर देते. काकांच्या पडद्यावर तेच अक्षरांत उमटत होतं, कधी काकूंच्या मागोमाग, कधी बरोबरीने. काकांनी आवाज बंदच ठेवला होता. अक्षरं तपासताना तो हवा कशाला?

“बरोबर,” ते म्हणत होते. “बरोबर. बरोबर.”

कोट घेऊन गिऱ्हाईक गेलं. शिंपीण एकटीच मशीनवर बसली आणि पायाने ते जोरात हाणू लागली. हा प्रसंग काकांना ठाऊक होता. काम तुंबलंय म्हणून बाई घाई करते आहे.

काकू म्हणाल्या, “शेजारच्या खोलीत सून रडते आहे.”

काका थांबून त्यांच्याकडे वळले. “नाही. इथे कुणी बोलत नाही. नुसतं मशीन आहे.”

“बघा तर.”

काकांनी पडद्याकडे पाहिलं. तळाशी पांढरी अक्षरं होती: ‘शेजारच्या खोलीत सून रडते आहे.’

त्यांनी सिनेमा मागे नेला. हेडफोन कानावर घातला, आवाज वाढवला, डोळे मिटले. मशीनचा खडखडाट. परत मागे नेलं, परत ऐकलं. तिसऱ्या वेळी त्या खडखडाटाखाली, फार लांबून आल्यासारखं, एक बाई तोंड दाबून रडताना ऐकू आली. आणि आपलं रडणं कुणी ऐकलं असं तिला वाटू नये म्हणून सासू मशीन जोराने चालवत होती.

काकांचे कान उत्तम होते. कचेरीतल्या सर्व वार्षिक तपासण्यांत तसा शेरा होता.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “हे होतं यात?”

“पहिल्यापासून आहे,” काकू म्हणाल्या, आणि बोट वर केलं.

‘बरोबर’ म्हणायला काकांनी तोंड उघडलं, पण घशातून आवाज निघाला नाही. त्याने काही बिघडलं नाही. काकू त्यांच्या ओठांकडेच बघत होत्या.